तिसऱ्या भागापाशी थांबलेली मुलं

पत्र

‘मी मराठवाड्यातल्या एका तंत्रनिकेतनात कॉम्प्युटर विभागात शिकवते. शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टसाठी बहुतेक मुलांना वेब एपीआय, म्हणजे एका प्रोग्रामने दुसऱ्याकडे वेबवरून माहिती मागायची-द्यायची सोय, लागते. इंग्रजी ट्युटोरियल वाचताना ती दमतात, म्हणून २०२१ साली मी फास्टएपीआय या पायथनच्या फ्रेमवर्कवर मराठीत दहा भागांची मालिका लिहिली. पहिल्या भागात क्लायंट, सर्व्हर, एचटीटीपी आणि रेस्ट म्हणजे काय. दुसऱ्यात पायथन आणि व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट (प्रोजेक्टपुरती लायब्ररींची वेगळी जागा). तिसऱ्यात पहिला एंडपॉइंट, म्हणजे एपीआयचा एक पत्ता. असं करत दहाव्यात हेरोकू या सेवेवर फुकट होस्टिंग. वर्गात विचारलं की मुलं “मॅडम, समजलं” म्हणतात, पण तिसऱ्या भागापुढे फार थोडी जातात. बाकीची कुठून तरी तयार प्रोजेक्ट आणतात आणि नाव बदलून जमा करतात. मी आणखी सविस्तर लिहायला हवं का? की सरळ व्हिडिओच करू? पहिले चार भाग आणि बाकीच्यांचा आराखडा सोबत पाठवत आहे.’

— एक अध्यापिका

उत्तर

मॅडम, नमस्कार.

चारही भाग आणि आराखडा वाचला. मग विंडोजच्या लॅपटॉपवर नवं युजर अकाउंट उघडलं आणि तुम्ही जेवढं लिहिलंय तेवढंच टाइप करत गेलो. तुमची भाषा स्वच्छ आहे. रिक्वेस्ट (मागणी) आणि रिस्पॉन्स (उत्तर) तुम्ही समजावलेत तसे समजावणारं मराठीत फारसं कुणी नाही. म्हणून आधी एवढं सांगतो की सविस्तरपणा वाढवू नका. व्हिडिओचं शेवटी बोलू.

तिसऱ्या भागात तुम्ही लिहिता, ‘आता सर्व्हर सुरू करा’, खाली कमांड देता आणि पुढच्याच ओळीत पाथ पॅरामीटरकडे, म्हणजे पत्त्यातल्या बदलत्या भागाकडे, वळता. या दोन ओळींच्या मधे मुलगा खोलीवर एकटा बसलेला असतो. स्क्रीनवर काहीतरी उमटलेलं असतं आणि ते बरोबर की चूक हे त्याला कळायला काही मार्ग नसतो. तुम्हाला तो प्रश्न पडत नाही, कारण तुमच्या डोळ्यांना ते दृश्य सवयीचं आहे. मुलं ‘समजलं’ म्हणतात ते खरंच असतं. तुमचं स्पष्टीकरण त्यांना समजलेलंच असतं. आपल्या मशीनवर ते चाललंय की नाही, हे मात्र त्यांना ठरवता येत नाही, आणि ज्याला ते ठरवता येत नाही तो पुढचा भाग उघडत नाही.

तेव्हा मालिका सुधारायची म्हणजे माझ्या मते मुख्यतः एकच काम करायचं: प्रत्येक पायरीनंतर वाचकाला स्वतःच्या डोळ्यांनी ‘माझं चाललं’ किंवा ‘माझं बिघडलं’ हे ओळखता आलं पाहिजे. फोडणी शिकवताना आई घड्याळ लावून मिनिटं सांगत नाही, ‘मोहरी तडतडू दे’ म्हणते. तुमच्या भागांत कृती सगळ्या आहेत, तडतडणं कुठेच नाही.

तिसऱ्या भागातच राहू, कारण मुलं तिथे थांबतात. युव्हिकॉर्न हा सर्व्हर सुरू करणारी कमांड दिली की टर्मिनलवर चार-पाच ओळी येतात आणि कर्सर परत येत नाही. तुम्हाला माहीत आहे की सर्व्हर चालू आहे आणि रिक्वेस्टची वाट पाहतोय. ज्याने आजवर फक्त बेरीज-वजाबाकीचे प्रोग्राम चालवले, त्याच्या अनुभवात प्रोग्राम चालतो, उत्तर देतो आणि संपतो. हा संपत नाही म्हणजे हँग झाला, असं समजून तो खिडकी बंद करतो. इथे दोन वाक्यं हवीत: ‘ॲप्लिकेशन स्टार्टअप कम्प्लीट’ अशी ओळ दिसली की सर्व्हर सुरू झाला, आता हे टर्मिनल असंच उघडं ठेवा, दुसरी कमांड द्यायची असेल तर नवं टर्मिनल उघडा, आणि थांबवायचं असेल तेव्हाच कंट्रोल-सी दाबा.

त्याच ओळींमध्ये १२७.०.०.१ आणि पुढे ८००० पोर्ट असा पत्ता दिसतो. मुलगा साहजिकच त्यावर क्लिक करतो. तुमचा पहिला एंडपॉइंट ‘हॅलो’ या पाथवर आहे, मुळावर, म्हणजे नुसत्या पत्त्यावर, काहीच नाही. त्यामुळे त्याला आयुष्यातल्या पहिल्या एपीआयकडून जे पहिलं उत्तर मिळतं ते ‘नॉट फाउंड’. सगळं बरोबर करूनही! नव्या अकाउंटवर मला हेच दिसलं. पहिला एंडपॉइंट मुळाच्या पाथवर ठेवा. एका तिरक्या रेघेचा बदल आहे, पण त्याने पहिली भेट सुधारते. तरीही टर्मिनलमध्ये एक ४०४, म्हणजे ‘नॉट फाउंड’चा आकडा, दिसेलच, कारण ब्राउझर स्वतःहून टॅबवरचं छोटं चित्र, म्हणजे फॅव्हिकॉन, मागतो आणि ते आपल्याकडे नसतं. ‘ही ओळ दिसली तर घाबरू नका, ती ब्राउझरची मागणी आहे’ एवढं लिहिलं की पुरे.

त्याच्याही आधीचे खड्डे दुसऱ्या भागात आहेत. विंडोजवर पायथन बसवताना इन्स्टॉलरच्या पहिल्याच पानावर तळाशी पायथन ‘पाथ’मध्ये (विंडोज प्रोग्राम जिथे शोधतं त्या फोल्डरांच्या यादीत) जोडण्याचा चेकबॉक्स असतो. तो राहिला तर पुढे ‘पायथन’ टाइप केल्यावर कधी कधी मायक्रोसॉफ्ट स्टोअर उघडतं, आणि मुलांना वाटतं आपण काही भलतंच केलं. व्हीएस कोड या एडिटरचं टर्मिनल विंडोजवर सहसा पॉवरशेल असतं. तिथे व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट चालू करायला गेलं की ‘या सिस्टीमवर स्क्रिप्ट चालवणं बंद आहे’ अशा अर्थाची लाल एरर येते. तुमच्या भागात कमांड दिली आहे ती लिनक्सची, ‘सोर्स’ने सुरू होणारी; ती विंडोजवर कशी चालणार? तुमच्या मुलांपैकी बहुतेकांकडे विंडोजच असेल, तर विंडोजचा कमांड प्रॉम्प्ट धरूनच मुख्य मजकूर लिहा आणि लिनक्सवाल्यांसाठी वेगळी चौकट द्या. स्त्रियांना वेब प्रोग्रामिंग शिकवणाऱ्या जँगो गर्ल्स या संस्थेची पहिली कार्यशाळा २०१४ मध्ये बर्लिनला झाली. त्यांचं ट्युटोरियल जगभर अगदी कोऱ्या पाटीच्या लोकांनी पार केलं, आणि त्यात प्रत्येक ऑपरेटिंग सिस्टीमच्या सूचना वेगळ्या काढलेल्या आहेत. वाचकाने आपल्या कामाची ओळ गर्दीतून शोधत बसू नये, एवढी साधी काळजी त्यामागे आहे.

फोल्डरचंही तसंच. ‘मेन या मॉड्यूलला इम्पोर्ट करता आलं नाही’ ही एरर तुमच्या विद्यार्थ्यांना सगळ्यात जास्त वेळा आली असेल, असा माझा अंदाज आहे. तिची कारणं ठरलेली: टर्मिनल दुसऱ्याच फोल्डरमध्ये उघडलंय, किंवा नोटपॅडने फाइलच्या नावामागे गुपचूप ‘डॉट टीएक्सटी’ चिकटवलंय आणि विंडोज ते शेपूट लपवतंय. फाइलला ‘फास्टएपीआय डॉट पीवाय’ हेच नाव दिलं तर वेगळी एरर येते, कारण पायथन खऱ्या लायब्ररीऐवजी मुलाचीच फाइल आत ओढतो. ही कारणं त्या एररच्या शेजारी लिहा, शेवटी ‘अडचणी आणि उपाय’ असं परिशिष्ट करून नको. अडकलेला माणूस परिशिष्टापर्यंत जात नाही.

आता पहिल्या भागाबद्दल. तो तुमचा आवडता भाग असावा, मेहनत दिसते. तरीही तो पहिल्या जागेवरून हलवा. रॉय फील्डिंग यांनी २००० साली पीएचडीच्या प्रबंधात रेस्ट ही रचनेची पद्धत मांडली, त्यात स्टेटलेस असण्याची, म्हणजे सर्व्हरने आधीच्या रिक्वेस्टवर अवलंबून न राहण्याची, अट का आहे, हे सगळं महत्त्वाचं आहे, पण ज्याने अजून एकही रिक्वेस्ट पाठवलेली नाही त्याच्या मनात ते टांगायला खुंटी नसते. १९८०च्या दशकात आयबीएममध्ये जॉन कॅरल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ऑफिसातल्या लोकांना वर्ड प्रोसेसर शिकताना बारकाईने पाहिलं. लोक प्रस्तावना वाचत नव्हते, थेट काहीतरी करून बघत होते, चुकत होते, आणि चुकीतून बाहेर कसं यायचं हे मॅन्युअलमध्ये सापडत नव्हतं. मग त्यांनी मॅन्युअल छाटलं, प्रस्तावना काढल्या, कामं आधी आणली आणि चूक ओळखून सावरण्याची माहिती वाढवली. त्यावर लोक लवकर शिकले. चाळीस वर्षं झाली, माणूस तसाच आहे.

पुढे डॅनिएले प्रोचिदा यांनी तांत्रिक लेखनाचे चार प्रकार वेगळे केले: हाताला धरून करून घेणारं ट्युटोरियल, ठरावीक कामाची कृती, संदर्भासाठीची माहिती, आणि ‘असं का’ सांगणारं विवेचन. तुमचा पहिला भाग उत्तम विवेचन आहे. तो पाचवा करा. तोवर मुलांनी गेट (माहिती मागणं) आणि पोस्ट (माहिती पाठवणं) दोन्ही हाताळलेले असतील, ४०४ पाहिलेला असेल, सर्व्हर बंद करून चालू केलेला असेल. मग स्टेटलेस म्हटल्यावर त्यांना स्वतःचाच अनुभव आठवेल. चौथ्या भागात मधेच येणारी असिंक आणि अवेटवरची, म्हणजे एका कामापाशी अडून न राहता दुसरं करण्याच्या पद्धतीवरची, दोन पानंही उचला. फास्टएपीआयमध्ये साध्या ‘डेफ’ने लिहिलेली फंक्शन व्यवस्थित चालतात, फ्रेमवर्क ती वेगळ्या थ्रेडमध्ये, म्हणजे प्रोग्राममधल्या समांतर धाग्यात, चालवतं. पहिल्या एपीआयला असिंकची गरज नाही.

तुमचं उदाहरणही बदलायला हवं. ‘आयटम’, त्यांची नावं ‘फू’ आणि ‘बार’, हे इंग्रजी ट्युटोरियलमधून जसंच्या तसं आलंय. उत्तर बरोबर आलं की नाही हे मुलांना आपल्या रोजच्या ज्ञानावरून ठरवता येईल असा विषय घ्या. कॉलेजचं ग्रंथालय घ्या. पुस्तकांची यादी, एका पुस्तकाची माहिती, नवं पुस्तक नोंदवणं, पुस्तक देणं आणि परत घेणं. दिलेलं पुस्तक पुन्हा दुसऱ्याला देता येत नाही, हे सांगायला प्रोग्रामर लागत नाही. तिथे ४०९, म्हणजे ‘सध्याच्या स्थितीशी विरोध’, हा स्टेटस कोड का परत करायचा ते मग एका वाक्यात कळतं. ‘फू’ दोनदा का देता येत नाही, हे कुणाला कळणार?

हे ग्रंथालय सुरुवातीला साध्या पायथनच्या लिस्टमध्ये ठेवा. इथे एक गोष्ट नक्की घडेल. मुलगी तीन पुस्तकं नोंदवेल, मग कोडमध्ये एक स्पेलिंग दुरुस्त करून सेव्ह करेल, रीलोड चालू असल्याने सर्व्हर आपोआप पुन्हा सुरू होईल आणि तिची तिन्ही पुस्तकं गायब होतील. आत्ताच्या मालिकेत याचा उल्लेख नाही, त्यामुळे हे ज्याच्या बाबतीत घडतं त्याला वाटतं आपण काहीतरी मोडलं. तुम्ही हे मुद्दाम घडवा. ‘तीन पुस्तकं टाका, यादी बघा, आता फाइलमध्ये एक रिकामी ओळ वाढवून सेव्ह करा, पुन्हा यादी बघा.’ यादी रिकामी आली की विचारा, पुस्तकं कुठे होती? डेटाबेस कशाला हवा याचं उत्तर त्या रिकाम्या यादीत आहे, आणि तुमचा सहावा भाग तिथून आपोआप सुरू होतो.

सहाव्यात एसक्यूलाइट आहे, ही निवड चांगली. वेगळा सर्व्हर बसवावा लागत नाही, डेटाबेस म्हणजे फोल्डरमधली एक फाइल. फक्त कनेक्शन फाइलच्या वरच्या टोकाला एकदाच उघडून ठेवू नका. वर म्हटलं तसं ‘डेफ’ची फंक्शन वेगळ्या थ्रेडमध्ये चालतात, आणि एका थ्रेडमध्ये बनवलेलं एसक्यूलाइटचं कनेक्शन दुसऱ्यात वापरायला गेलं की पायथन एरर देतो. प्रत्येक फंक्शनमध्ये उघडा, काम झालं की बंद करा.

एररची भीती घालवण्यासाठी त्या मुद्दाम करायला लावणं हा मला माहीत असलेला सगळ्यात चांगला उपाय आहे. फास्टएपीआय इथे फार मदत करतं. ‘डॉक्स’ या पाथवर ते स्वतःहून एक पान तयार करून देतं, तिथे ‘ट्राय इट आउट’ दाबून रिक्वेस्ट पाठवता येते. पानांच्या संख्येच्या जागी ‘दोनशे’ असं अक्षरी, दुहेरी अवतरणांत लिहायला सांगा. ४२२, म्हणजे ‘दिलेली माहिती नियमात बसत नाही’, येईल. त्या उत्तरातला ‘लोक’ (लोकेशन, म्हणजे चुकीची जागा) नावाचा भाग उलगडून दाखवा: चूक बॉडीमध्ये, म्हणजे पाठवलेल्या माहितीत, आहे, तीही नेमकी या फील्डमध्ये, आणि पुढच्या ओळीत इथे पूर्णांक हवा होता असं लिहिलंय. ज्याने एकदा हे वाचलं तो पुढच्या वेळी तुम्हाला स्क्रीनशॉट पाठवण्याआधी स्वतः वाचेल. मग ब्राउझरच्या पत्त्याच्या पट्टीतून पुस्तक नोंदवून बघायला सांगा. ज्या पाथवर फक्त पोस्ट आहे तिथे ४०५, म्हणजे ‘ही पद्धत इथे चालत नाही’, येईल, कारण पत्त्याच्या पट्टीतून गेटच जातो. हा मुद्दा तुम्ही पहिल्या भागात परिच्छेदभर समजावला आहे; इथे तो एका एंटरमध्ये कळतो.

चौथ्या भागात तुम्ही रिक्वेस्ट पाठवायला ‘कर्ल’ची कमांड दिली आहे. ती काढाच. विंडोजबरोबर येणाऱ्या पॉवरशेलमध्ये ‘कर्ल’ हे दुसऱ्याच एका कमांडचं टोपणनाव आहे आणि त्याला हे पर्याय कळत नाहीत. कमांड प्रॉम्प्टमध्ये खरं कर्ल चालतं, पण जेसनभोवतीचे, म्हणजे पाठवायच्या माहितीभोवतीचे, एकेरी अवतरण तिथे चालत नाहीत. नवशिक्याला यातलं काहीही आत्ता कळायची गरज नाही. डॉक्सचं पान पुरेसं आहे.

मराठी मजकुराचं एक कोडं आहे, आणि मराठीत लिहिणाऱ्यांनी ते नाही सोडवलं तर कोण सोडवणार? पुस्तकांची नावं मुलं मराठीत टाकतील, टाकलीच पाहिजेत. फास्टएपीआयच्या उत्तरात देवनागरी नीट दिसतं. फ्लास्क या दुसऱ्या फ्रेमवर्कमध्ये मात्र मूळ सेटिंगप्रमाणे प्रत्येक अक्षराच्या जागी तिरकी रेघ, यू आणि आकडे दिसतात. तुमची काही मुलं फ्लास्क वापरत असतील तर त्यांना सांगा की मजकूर खराब झालेला नाही, फक्त वेगळ्या रीतीने लिहिलाय. खरी अडचण फाइल वाचताना येते. पुस्तकांची यादी एका फाइलमधून वाचणारा कोड तुम्ही चौथ्या भागात दिला आहे आणि त्यात एन्कोडिंग, म्हणजे अक्षरं बाइटांत मांडायची पद्धत, लिहिलेलं नाही. लिनक्सवर तो चालतो. आपल्याकडच्या बहुतेक विंडोज मशीनवर पायथन अशी फाइल सीपी-१२५२ या जुन्या पद्धतीने वाचतो. त्या पद्धतीत काही बाइट रिकामे आहेत, त्यात ०एक्स८डी हा एक. आणि आपला पाय मोडायचं चिन्ह, म्हणजे हलन्त, यूटीएफ-८ मध्ये ज्या तीन बाइटांनी लिहिलं जातं त्यातला शेवटचा नेमका तोच. परिणाम असा की ‘कमळ’ हे नाव विचित्र अक्षरांत का होईना वाचलं जातं, पण ‘ग्रंथ’ आला की प्रोग्राम थांबतो. ‘कमळ’सारखी दोन नावं टाकून चाचणी करणाऱ्याला एरर दिसत नाही, ‘ग्रंथ’सारखं तिसरं नाव टाकणाऱ्याला दिसते. फाइल उघडताना एन्कोडिंग यूटीएफ-८ असं स्पष्ट लिहिलं की काम झालं. हे मराठी ट्युटोरियलमध्ये असायलाच हवं.

एका बाबतीत मात्र मी तुमच्याशी कडक बोलणार आहे. सातव्या भागाच्या आराखड्यात, शोधाच्या एंडपॉइंटसाठी, तुम्ही वापरकर्त्याने दिलेला शब्द थेट एसक्यूएलच्या (डेटाबेसशी बोलायच्या भाषेच्या) वाक्यात जोडला आहे आणि खाली लिहिलंय, ‘सोपं राहावं म्हणून’. सोपं करण्यासाठी गोष्टी वगळा, हवं तेवढ्या वगळा. चुकीच्या पद्धतीने शिकवू नका. असा शब्द जोडला की बाहेरचा माणूस त्या जागी स्वतःचं एसक्यूएल घुसवू शकतो. प्रश्नचिन्ह ठेवून किंमत वेगळी द्यायची पद्धत एका ओळीची आहे, उलट अवतरणांची कटकट कमी होऊन ती सोपीच पडते. ट्युटोरियलमधला कोड मुलं जसाच्या तसा उचलतात. तो प्रोजेक्टमध्ये जातो, तिथून पहिल्या नोकरीत जातो. पासवर्ड उघडे साठवणं, गुप्त की कोडमध्येच लिहून गिटहबवर चढवणं, सगळ्या ओरिजिनना, म्हणजे कुठल्याही वेबसाइटच्या पानाला, सरसकट परवानगी देणं, हे तुमच्या पानावर एकदाही दिसता कामा नये. लॉगिन नीट शिकवायला जागा नसेल तर लॉगिन शिकवू नका. ग्रंथालय त्यावाचून चालतं.

मालिकेचं वयही आता दिसतंय. २०२१ नंतर पायडँटिक या, आलेली माहिती तपासणाऱ्या लायब्ररीची दुसरी आवृत्ती २०२३ च्या जूनमध्ये आली आणि तुमच्या चौथ्या भागातलं मॉडेल तिथे वेगळं वागतं. ‘लेखक’ हे फील्ड तुम्ही ऑप्शनल केलंय, पण त्याला मूळ किंमत दिलेली नाही. जुन्या आवृत्तीत लेखक न दिल्यास ती आपोआप ‘नन’ धरायची. नव्यात ते फील्ड आवश्यक ठरतं. म्हणजे तुम्ही ‘लेखक नाही दिला तरी चालेल’ असं सांगताय आणि मुलाला ४२२ मिळतोय. त्याला वाटणार चूक आपलीच. यावर उपाय म्हणून लायब्ररींच्या आवृत्त्या रिक्वायरमेंट्सच्या फाइलमध्ये ठोकून द्या, पण तेवढ्याने भागत नाही: दुसऱ्या आवृत्तीतलीच एखादी जुनी उपआवृत्ती नव्या पायथनवर बसवायला गेलं तर पायडँटिकच्या आतला रस्ट या भाषेत लिहिलेला भाग तयार मिळत नाही, पॅकेज बसवणारा पिप तो तिथेच बांधायला जातो आणि रस्ट नाही म्हणून थांबतो. पायथनची आवृत्तीही लिहा, आणि पानाच्या वर ‘अमुक महिन्यात, या आवृत्त्यांवर तपासलं’ अशी तारीख टाका. दर सत्राच्या सुरुवातीला एकदा सगळं टाइप करून बघितलं की ती तारीख बदला.

लॅबमध्ये इंटरनेट रखडत असेल तर तीच रिक्वायरमेंट्सची फाइल घेऊन ‘पिप डाउनलोड’ने सगळी पॅकेज पेन ड्राइव्हवर उतरवून ठेवता येतात, आणि नेटशिवाय तिथूनच बसवता येतात. लॅबमधली मशीन आणि पायथन एकसारखे असतील तर हे बिनचूक चालतं.

दहावा भाग काढून टाका. हेरोकूने २८ नोव्हेंबर २०२२ पासून फुकट सेवा बंद केली. जो मुलगा नऊ भाग पार करून तिथे पोहोचतो त्याला कार्डाचा तपशील मागितला जातो. दुसरी फुकट सेवा शोधून तिच्यावर भाग लिहिला तर तोही असाच कधीतरी बंद पडेल. त्याऐवजी सर्व्हर ०.०.०.० या होस्टवर, म्हणजे लॅपटॉपच्या सगळ्या नेटवर्क पत्त्यांवर, चालवून, त्याच वायफायवरच्या फोनमधून लॅपटॉपच्या आयपी पत्त्यावर एपीआय उघडायला शिकवा. विंडोज फायरवॉल परवानगी विचारेल, ती द्यायची. तोंडी परीक्षेला एवढं पुरतं. अँड्रॉइडचा प्रोजेक्ट असेल तर दोन ओळी वाढवा: एम्युलेटरमध्ये (लॅपटॉपवरच्या नकली फोनमध्ये) ‘लोकलहोस्ट’ म्हणजे एम्युलेटर स्वतः, लॅपटॉपसाठी १०.०.२.२ लिहावं लागतं; आणि अँड्रॉइड ९ पासून साध्या एचटीटीपीला मूळ सेटिंगमध्ये मनाई आहे. एचटीएमएलचं पान जोडणाऱ्यांना कॉर्स, म्हणजे एका ओरिजिनच्या पानाला दुसऱ्याकडची माहिती परवानगीशिवाय न देण्याचा ब्राउझरचा नियम, आडवा येईल. डॉक्सच्या पानावर चालतं, माझ्या पानावरून चालत नाही, अशी तक्रार आली की समजायचं. व्हीएस कोडचा लाइव्ह सर्व्हर ५५०० पोर्टवर आणि एपीआय ८००० वर, म्हणून ब्राउझर अडवतो. नेमकं ते ५५०० चं ओरिजिन परवानगीच्या यादीत टाका.

हे सगळं लिहायला बसण्याआधी एक काम करा. मालिका न पाहिलेले तीन विद्यार्थी निवडा, एकेकाला वेगळं बसवा, मागे खुर्ची घ्या आणि गप्प बसा. माउस हातात घेऊ नका, ‘अरे वरती बघ’ म्हणू नका. तो कुठे थांबला, कुठली ओळ दोनदा वाचली, काय टाइप केलं जे तुम्ही लिहिलंच नव्हतं, एवढंच टिपा. शिक्षकाला हे फार जड जातं, कारण मदत करणं हीच आपली सवय. पण तुम्ही बोललात की तुमची मदत ट्युटोरियलच्या जागी येते, आणि पानात काय कमी आहे ते झाकलं जातं. पूर्ण वर्गाबरोबर करायचं असेल तर सॉफ्टवेअर कार्पेंट्री या कोडिंग शिकवणाऱ्या संस्थेच्या कार्यशाळांतली रीत घ्या: प्रत्येकाला दोन रंगांच्या चिकट चिठ्ठ्या, पायरी झाली की एक रंग मॉनिटरवर, अडकलं की दुसरा. हात वर करायला लाजणारी मुलं चिठ्ठी लावतात. कुठल्या पायरीला अडकल्याचे रंग वाढले ते वहीत लिहा. दुरुस्तीचा क्रम तुम्हाला त्या वहीतून मिळेल, माझ्या या पत्रातून नव्हे. माझे बरेच अंदाज तिथे चुकलेलेही निघतील.

तयार प्रोजेक्ट आणणाऱ्या मुलांवर रागावू नका. त्यातल्या बऱ्याच जणांनी तिसऱ्या भागाशी एक संध्याकाळ झगडून मग तो मार्ग धरला असणार.

राहिला व्हिडिओ. व्हिडिओतून कोड कॉपी करता येत नाही, एरर आली तर शोधता येत नाही, आणि पायडँटिकसारखा एक बदल झाला की पूर्ण पुन्हा चित्रित करावा लागतो. मजकुरात तीच दुरुस्ती एका ओळीची. करायचाच असेल तर फक्त पायथन बसवतानाचा छोटा करा, आवाज नसला तरी चालेल, म्हणजे तो चेकबॉक्स पानावर कुठे आहे आणि टर्मिनल नेमकं कुठून उघडायचं ते दिसेल. बाकी सगळं लिहूनच द्या.